जुनी फोर बाय फोर लांबच्या वाटेसाठी तयार करताना: दहा आठवड्यांच्या नोंदी

२ मार्च

गाडी चोवीस वर्षांची, इंजिनाची ताकद चारही चाकांना देता येणारी. डिझेल, टर्बो नाही, पुढेमागे सलग अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पुढच्या चाकांना फोर व्हीलसाठी जोडायचे, हाताने फिरवायचे लॉकिंग हब. मीटरवर २,८७,००० किलोमीटर. मधली काही वर्षं मीटर बंद होता हे आधीच्या मालकाने स्वतःच सांगितलं, म्हणजे खरा आकडा देव जाणे. निघायचंय मेच्या मध्याला. प्रवास साधारण साडेसहा हजार किलोमीटरचा. त्यातला एक टप्पा ७०० किलोमीटरचा, आणि त्या टप्प्यात ना पंप ना गॅरेज.

हाताशी रोज संध्याकाळचे दोन तास आणि शनिवार-रविवार. सोबत दादा, त्याचा हात वायरिंगवर बसलेला. अडलं की मिस्त्रीकाका. खर्चाचे आकडे जागेगणिक बदलतात, म्हणून एकूण खर्चाला शंभर मानून वाटे लिहीन.

एक कबुली आधीच देऊन टाकतो. तयारीसाठी पैसे बाजूला काढले त्याच दिवशी मी जाळीपुढे लावायचे दोन मोठे गोल दिवे घेतले आणि लावलेही. गाडीखाली वाकून बघायच्या आधी. त्या दिव्यांचं काय झालं ते पुढे येईल.

आज गाडी फक्त खालून धुतली. मग चाळीस किलोमीटर फिरवून आणली आणि खाली पुठ्ठे अंथरून उभी केली. सकाळी पुठ्ठ्यांवर पाच डाग. प्रत्येक डागाशेजारी वर काय आहे ते पेनाने लिहिलं: गियरबॉक्सचा मागचा सील, पुढची दोन्ही चाकं, डिझेल फिल्टर, पाण्याचा खालचा पाईप. पंख्याच्या मधोमध धुळीचं चिकट कडं दिसलं, तेही लिहिलं आणि पुढे ‘पाण्याचा पंप?’ असं केलं. त्या प्रश्नचिन्हाने नंतर नऊ दिवस खाल्ले.

५ ते ७ मार्च

सगळी ऑइलं बदलायची ठरवली. दुपारचं काम समजलो होतो.

मागच्या डिफरन्शियलचं (अ‍ॅक्सलच्या मधल्या गियरांच्या डब्याचं) ऑइल काळं होतं पण ठीक. प्लगच्या चुंबकावर करड्या मलमासारखी बारीक भुकटी होती, ती असतेच. तुकडे निघाले असते तर काळजी. पुढच्या डिफरन्शियलमधून मात्र करडट, दुधाळ द्रव आला. पाणी शिरलेलं. वरचा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्यायेण्याचं भोक, चिखलाने गच्च बंद होता. चालून तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर मोकळा असेल तर ती तिथून हवा घेते, नसेल तर सीलच्या ओठातून पाणी ओढते. दोन्ही अ‍ॅक्सल, गियरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), सगळ्यांचे ब्रीदर लांब नळीने बोनेटखाली उंचावर नेऊन बांधले. या सगळ्या तयारीत इतकं स्वस्त आणि इतकं कामाचं दुसरं काही झालं नाही.

मग गियरबॉक्स. खालचा प्लग सोडला, ऑइल काढलं, आणि भरायचा प्लग हलेना. जोर लावला तर डोक्याच्या कडाच गोल झाल्या. ऑइल नसलेली गाडी, हलवताही येत नाही. दोन दिवस तशीच उभी. शेवटी प्लगच्या डोक्यावर मोठा नट वेल्ड करून घेतला. वेल्डिंगच्या उष्णतेनेच तो ढिला झाला आणि पान्याच्या एका हिसक्यात निघाला. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या होत्या. हे वाचून कोणी काम करणार असेल तर: आधी भरायचा प्लग सोडून बघा, तो सुटला तरच खालच्याला हात लावा. मला हे माहीत होतं. तरी केलं नाही.

९ ते १६ मार्च

पुढचा अ‍ॅक्सल. पुठ्ठ्यावरचे दोन डाग इथले. चाकाच्या आतल्या गोळ्यावरून (ज्यावर चाक वळतं) काळं पातळ काहीतरी ओघळत होतं. आतला ऑइल सील गेला की डिफरन्शियलचं ऑइल गोळ्यात उतरतं आणि तिथल्या ग्रीसची पातळ आमटी करतं. बाहेरून सीलचा पट्टा बदलून भागत नाही, सगळं उघडावंच लागतं.

उजवी बाजू उघडली. किंगपिनच्या (चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या) बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर रोलरांचे ठसे उमटलेले, म्हणजे बरीच वर्षं चाक सरळ ठेवून खड्ड्यांचे दणके त्याच जागी बसलेले. स्टिअरिंग मधोमध आलं की किंचित अडकल्यासारखं वाटायचं, ते यामुळेच. मी इतके दिवस स्टिअरिंग बॉक्सला दोष देत होतो. चाकाची बेअरिंगं चांगली होती, पण एवढं उघडल्यावर तीही नवी घातली. जुनी पुसून, ग्रीस लावून, पिशवीत बांधून सुट्या भागांच्या पेटीत ठेवली. ती घासून आपापल्या जागी बसलेली आहेत, वाटेत वेळ पडली तर बिनदिक्कत घालता येतील.

डाव्या बाजूला घाई केली. शाफ्ट आत सरकवताना त्याचे दाते नव्या सीलच्या ओठावर टेकले. सील जेमतेम नखाएवढा कापला गेला असेल, दिसलाही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओघळ. परत सगळं उघडलं: हब, ब्रेक कॅलिपर, स्टब, शाफ्ट. तीन संध्याकाळी गेल्या. दुसऱ्या वेळी दात्यांवर चिकटपट्टीचा एक वेढा दिला, सीलला ग्रीस लावलं आणि दादाने बाहेरून शाफ्ट उचलून धरला. दोन माणसांचं काम आहे हे. टोक आत गेल्यावर पट्टी काढायला विसरू नका, आमची जवळजवळ आत गेलीच होती.

गोळा फिरवायला किती जोर लागतो हे ताणकाट्याने मोजून शिम (पातळ चकत्या) घालायचे असतात. मिस्त्रीकाका हाताच्या अंदाजाने सांगतात आणि त्यांचा अंदाज पुस्तिकेतल्या आकड्याच्या आत बसला. मला काटा वापरावा लागला.

या अ‍ॅक्सलचा खर्च शंभरातले ९.

१८ ते २१ मार्च

सकाळी स्टार्टर दहा-बारा सेकंद मारावा लागायचा, मग पांढरा धूर. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) मोजले: तिघांचा रोध एका ओहमच्या आसपास, चौथा तुटलेला. तो बदलला, थोडा फरक पडला, पण आजार राहिलाच.

मग डिझेल फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी पाहिलं तर नळीत बोटभर हवेचा पोकळ भाग. फिल्टरखाली डाग होता, पण खरा त्रास बाहेर गळणाऱ्या डिझेलचा नव्हता, आत येणाऱ्या हवेचा होता. ओढणाऱ्या बाजूची गळती अशीच असते: बहुतेकदा थेंब दिसत नाही म्हणून कोणी बघत नाही. फिल्टरवरच्या हातपंपाचा डायफ्राम कडक झाला होता आणि इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या नखाने चिरत होत्या. हातपंप, सगळ्या नळ्या आणि क्लिपा नव्या. आता दोन सेकंदांत उठते. पारदर्शक नळी काढून सुट्या भागांत टाकली.

इथवर आल्यावर ध्यानात आलं की या गाडीचं लोखंड अजून ठणठणीत आहे, म्हातारं झालंय ते रबर. त्याच संध्याकाळी टॉर्च घेऊन खाली शिरलो आणि दिसेल ती रबरी वस्तू दाबून, वाकवून पाहिली. ब्रेकच्या तीन लवचिक नळ्या, पाट्यांचे बुश, फॅन बेल्ट, क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरची वायसर, हीटरचे पाईप. सगळं यादीत. ब्रेक ऑइलही बदललं. ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो: डॉट ४ नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत टिकायला हवं, ओल शोषल्यावर हीच हद्द १५५ वर येते. लांब उतारावर हा फरक पायाला कळतो.

२४ मार्च ते ६ एप्रिल

गरम होण्याची गोष्ट. इथे सर्वांत जास्त वेळ आणि पैसा वाया गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

सपाट रस्त्यावर ताशी ८० ने तासभर चालवली तर काटा ढिम्म. लो रेंजमध्ये (जास्त ताकद, कमी वेग), दुसऱ्या गियरमध्ये, ताशी पंधराच्या वेगाने चढ चढवला की आठव्या मिनिटाला काटा वर. गाडीचा स्वतःचा काटा विश्वासाचा नाही, तो मधल्या पट्ट्यात हलतच नाही. म्हणून थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर वेगळा सेन्सर बसवला. सपाटीला ८८, चढावर १०६ आणि अजून चढतोच आहे.

पहिला संशय थर्मोस्टॅट. बदलला. (जुना गरम पाण्यात टाकून पाहिला, अगदी व्यवस्थित उघडत होता. हे बदलायच्या आधी करायचं असतं.) चढावर १०६.

दुसरा संशय रेडिएटर. उतरवला, टाक्या उघडून नळ्या साफ करून घेतल्या. चार दिवस. नळ्या फारशा चोंदल्याही नव्हत्या. चढावर १०५.

तिसरा संशय पाण्याचा पंप, त्या पुठ्ठ्याजवळच्या प्रश्नचिन्हामुळे. नवा घातला. चढावर १०६.

मिस्त्रीकाका हे सगळे दिवस बाहेर होते. फोन लागला तेव्हा मी केलेल्या कामांची यादी वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पळताना गरम होते का?” नाही म्हटलं. “हळू चालताना होते?” हो. “मग पाण्याकडे काय बघत बसलास? वाऱ्याकडे बघ.”

इंजिन गरम असताना बंद केलं आणि पंखा हाताने फिरवला. भिंगरीसारखा फिरत राहिला. या पंख्यात व्हिस्कस क्लच असतो: आत सिलिकॉनचं तेल, पुढच्या तोंडाला दोन धातूंची पट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वळते, तेल पसरतं आणि पंखा इंजिनाला धरतो. गरम असताना तो हाताला जड लागला पाहिजे. आमचं तेल कधीच बाहेर आलेलं होतं आणि त्यावर धूळ बसून ते चिकट कडं तयार झालं होतं. पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, लिहिलंही होतं, फक्त नाव चुकीचं दिलं होतं. वेग असला की वारा आपोआप मिळतो, म्हणून सपाटीला काही कळायचं नाही.

नवा क्लच बसवला. ९९. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं कोणीतरी कधीतरी काढून फेकलं होतं, ते मिळवून लावलं. पंखा मग रेडिएटरमधूनच हवा ओढतो, आजूबाजूची नाही. ९६. आणि दादा समोर उभा राहून म्हणाला, “तुझे दिवे काढून बघू या का?” दोन्ही दिवे बरोबर जाळीच्या मधोमध. काढले. ९३.

दिवे आता कपाटात आहेत.

थंड करण्याच्या कामाला शंभरातले १४ लागले, त्यातले निदान ८ अक्कलखाती. एक गोष्ट मात्र या उचकापाचकीत सापडली: खालच्या पाण्याच्या पाईपमधली तारेची स्प्रिंग गंजून तुटली होती. पंप या पाईपमधून ओढतो. आत स्प्रिंग नसली तर इंजिन जोरात फिरताना पाईप चपटा होतो. सगळे पाईप नवे घातले आणि कुलंट निम्मं-निम्मं, म्हणजे उणे ३७ अंशांपर्यंत गोठण्याची चिंता नाही. दादाने इंजिनाच्या हेडवर, धातूला टेकलेला एक सेन्सर आणि बझर बसवला. पाईप फुटून पाणी संपलं तर नेहमीचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. धातूचा सेन्सर फसत नाही.

९ एप्रिल

टायर. नक्षी भरपूर शिल्लक होती म्हणून चालतील असं वाटत होतं. बाजूच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष: नऊ वर्षांचे. हवा कमी करून बाजू वाकवली तर बारीक चिरा उघडल्या. स्टेपनी तर वेगळ्याच घेराची, ती लावून फोर व्हील टाकलं असतं तर ट्रान्सफर केसला ताण. पाचही नवे, एकाच मापाचे, हलक्या ट्रकच्या दर्जाचे. शंभरातले ३४ इथे गेले आणि त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

अंगणात एक टायर रिमवरून उतरवून परत चढवायचा सराव केला. टायर गाडीच्या पुढच्या भागाखाली ठेवून, रबरावर जॅक टेकवून गाडीच्या वजनाने रिमला चिकटलेली कड सोडवायची. पहिल्यांदा पाऊण तास आणि एक सोललेलं बोट, दुसऱ्यांदा वीस मिनिटं.

१३ एप्रिल

डॅशबोर्डखाली हात घातला तर गारुड्याची टोपली. पूर्वीच्या मालकांनी लावलेल्या आणि कापून सोडलेल्या वायरी, काही अजून जिवंत. दादाने दोन दिवसांत नुसती काढलेली तार तीन किलो भरली. प्रत्येक नव्या वायरला बॅटरीशेजारीच फ्यूज, कारण फ्यूजच्या आधी तार घासली तर तिला वाचवणारं कोणी नाही.

हवेचा पंप मी सिगारेट लायटरच्या भोकात लावून पाहिला, फ्यूज तत्काळ गेला. हा पंप २५ अँपिअर ओढतो, ते भोक १५ चं. आता थेट बॅटरीवरून जाड तारेने. चारही टायर १८ वरून ३५ पीएसआयवर आणायला २६ मिनिटं लागतात. वाळूत हवा कमी करताना हा वेळ डोक्यात ठेवायचा.

१९ एप्रिल

नवे पाटे आणि शॉकअप बसवले. भार खूप असणार म्हणून मागे जाड पाटे, ३०० किलो जास्तीचे. यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे) नवेच घ्यायचे असतात, एकदा ताणलेले परत वापरत नाहीत. शंभरातले १८.

गाडी रुबाबदार दिसते. ब्रेक मात्र विचित्र झाले, जोरात दाबला की पुढची चाकं आधी घासतात. एक अख्खी संध्याकाळ मागच्या ब्रेकची हवा काढण्यात गेली. मग मागच्या अ‍ॅक्सलवरून चासीकडे जाणारा लहानसा दांडा दिसला. तो मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हचा. गाडी उंच झाली की त्याला वाटतं मागे काही भार नाही, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. दांड्याचा आधार वाढलेल्या उंचीइतका सरकवून पुस्तिकेप्रमाणे जुळवला. ब्रेक ताळ्यावर.

२५ एप्रिल

सगळं सामान, दोन माणसं, भरलेली टाकी, आणि गाडी वजनकाट्यावर. पाटीवरची मर्यादा २,७६० किलो. काट्यावर २,९१५.

दोघेही गप्प. परत येऊन एकेक वस्तू ताणकाट्यावर टांगली. छतावरचं कॅरियर ३८. दुसरी स्टेपनी २९. फ्रिज आणि त्याच्यासाठीची दुसरी बॅटरी मिळून ४४. पत्र्याच्या पेट्यांऐवजी कापडी पिशव्या केल्या तर १७ कमी. दुहेरी निघालेली हत्यारं ११. पाणी ६० लिटरवरून ४० वर, २० कमी. सगळं उतरवल्यावर २,७५६. चार किलोंनी पास.

डिझेलमध्ये काटछाट नाही. भार घेऊन वाईट रस्त्याला लिटरला ८ किलोमीटर मिळतात. ७०० किलोमीटरला ८८ लिटर, वर पाव भाग राखीव, म्हणजे ११० लिटर. टाकी ८० ची, वीस-वीसचे दोन पत्र्याचे कॅन. भरलेले कॅन मागच्या सीटमागे, खाली, पट्ट्याने जखडून.

आता गंमत. भार कमी झाल्यावर मागचे जाड पाटे दगडासारखे झाले. आधी वजनकाटा आणि मग पाटे, हा क्रम मी उलटा केला. प्रत्येक बाजूचा एकेक पाटा काढून टाकला आणि व्हॉल्व्हचा दांडा पुन्हा जुळवला.

२८ एप्रिल ते १ मे

चाचणी फेरी, ६१० किलोमीटर, त्यातले दोनशे कच्चे, दोन रात्री बाहेर. काय काय झालं:

यू-बोल्टचे नट २०० किलोमीटरनंतर तपासले, सगळे नट पाव ते अर्धा फेरा आत गेले. ४०० ला पुन्हा, तेव्हा दोनच हलले.

प्लॅस्टिकचा पाण्याचा कॅन बोल्टच्या डोक्याला घासून भोक पडलं. चौदा लिटर पाणी गालिच्यात. आता खाली रबराची चटई आणि डोकं झाकलेलं.

मागच्या दारातून धूळ. रबर नवं आहे, तरीही. गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी असतो, ती धूळ आत ओढते. पुढचे हवेचे झडपे उघडे आणि काचा बंद ठेवून ब्लोअर चालू ठेवला की आत दाब राहतो आणि धूळ बरीच कमी होते.

सर्वांत गंभीर गोष्ट परतल्यावर सापडली. निघण्याआधी एअर फिल्टरनंतरच्या पाईपच्या आत बोटाने ग्रीसचा पातळ थर दिला होता. आल्यावर त्यावर बोट फिरवलं तर बारीक कचकच. फिल्टर नवा, पण त्याच्या डब्याची कड किंचित वाकलेली, एका बाजूला गॅसकेट दाबलंच जात नव्हतं. ही धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा झिजवते. कड सपाट करून घेतली, गॅसकेट जाड लावलं. त्यानंतर कच्च्या रस्त्यावर ऐंशी किलोमीटर फिरवून पुन्हा ग्रीस पाहिलं. स्वच्छ.

९ मे

सुट्या भागांची पेटी भरली: जुनी बेअरिंगं, ऑइल सील, फॅन बेल्ट, वरचा-खालचा पाईप, दोन डिझेल फिल्टर, हातपंप, पारदर्शक नळी, प्रोपेलर शाफ्टचा एक क्रॉस, यू-बोल्टची एक जोडी, क्लचची वायसर, ब्रेक ऑइल, फ्यूज, तार. बसवायला लागणारं हत्यार प्रत्येक भागासोबत आहे ना हे तपासलं. हबच्या नटाचा मोठा सॉकेट पेटीत नव्हता, अंगणातल्या बाकावर पडला होता.

पुठ्ठे पुन्हा अंथरले. सकाळी एकच डाग, गियरबॉक्सच्या मागच्या सीलखाली, रुपयाएवढा. मिस्त्रीकाका म्हणाले, “हे राहू दे. आठवड्याला पातळी बघ आणि एक लिटर ऑइल सोबत ठेव.” लिटरभर ऑइल घेतलं, म्हणजे वजनकाट्यावरच्या चार किलोंपैकी जवळपास एक गेला. स्टार्टरचे कार्बन ब्रश बघायचे राहिलेत, ते उद्या.